वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपचा म्युझिक सर्व्हर

घरातल्या सीडी आणि फाइली एका जागी आणून चांगल्या दर्जाने ऐकण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पडून आहे. इंटेल आय-३, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह चालू. विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीतं अशा चारशेच्या आसपास सीडी आहेत. स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगले आहेत. मोबाइलवरून गाणं निवडावं आणि आवाज सीडी प्लेअरपेक्षा कमी नसावा, एवढीच अपेक्षा. खर्च वीस हजारांच्या आत बसेल का?
— वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आरामात बसेल, कारण लॅपटॉपवर फारसा खर्च करायचाच नाही. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. तुमच्या आय-३ला हे काम अगदी किरकोळ आहे आणि ४ जीबी रॅमही पुरते. सर्व्हरने फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचवायचे असतात. आवाजाचा दर्जा ठरतो डॅक, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोलीवर. त्यामुळे बजेटचा मोठा वाटा डॅकसाठी ठेवा.

आधी डिस्कचं बघू. एका तासाची सीडी मुळात ६३५ एमबीची असते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ती साधारण ३५० एमबी होते, आणि त्यात मूळ माहितीतला एकही बिट जात नाही. चारशे सीडींना १४० जीबीच्या आसपास जागा लागेल. म्हणून २.५ इंची साटा एसएसडी, ४८० किंवा ५०० जीबीची, घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये जागा आहे, पण दहा वर्षं चाललेल्या डिस्कवर संग्रहाची एकुलती एक प्रत ठेवू नये. शिवाय रात्री हळू आवाजात ऐकताना तिची घरघर कानाला लागते. लॅपटॉप उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्टही बदलून घ्या. जुन्या लॅपटॉपचा पंखा ओरडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ॲम्प्लिफायरला वायर जोडू नका. आतल्या सर्किटचा आवाज तिथे मिसळतो. माउस हलवला की बारीक किरकिर ऐकू येते ती हीच. बाहेरचा यूएसबी डॅक घेताना तीन गोष्टी बघा. तो यूएसबी ऑडिओ क्लास २ पाळणारा असावा, म्हणजे लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मागे आरसीए लाइन आउट असावं. आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने येताहेत (सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ), हे दाखवणारा दिवा किंवा डिस्प्ले असावा. हा तिसरा मुद्दा लोक सोडून देतात, पण पुढे बिघाड शोधताना तोच कामी येतो. पैसे नंतर घालायचे असतील तर मोबाइलचा टाइप-सी डॉंगल, त्याला सी-टू-ए ॲडॉप्टर आणि ३.५ मिमी ते आरसीए वायर एवढ्यावरही सुरुवात होते.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. या लॅपटॉपवर आम्ही डॅफाइल टाकू. ती फक्त संगीतासाठी बांधलेली, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली आहे. पूर्वी लॉजिटेक मीडिया सर्व्हर या नावाने ओळखला जाणारा आणि २०२४पासून लिरिऑन झालेला सर्व्हर तिच्या पोटात आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ६४ बिटची आयएसओ फाइल उतरवा आणि रूफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहा. रूफसने विचारलं तर डीडी पद्धत निवडा. लॅपटॉपच्या बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. पहिल्या वेळी राउटरला लॅन वायरनेच जोडा, कारण वायफायचा पासवर्ड नंतर वेबपानावरून द्यायचा असतो. मग त्याच नेटवर्कवरच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ब्राउझर उघडून ‘डॅफाइल डॉट लोकल’ हा पत्ता इंग्रजीत टाका. काही अँड्रॉइड फोनवर हे नाव उघडत नाही. तेव्हा राउटरच्या पानावर लॅपटॉपला मिळालेला आयपी क्रमांक बघून तो टाका आणि तिथेच तो क्रमांक कायमचा राखून ठेवा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाला की पत्ता बदललेला असेल.

सेटिंग्जमध्ये ऑडिओ डिव्हाइसखाली तुमचा डॅक निवडा, स्टोरेजखाली संगीताची जागा ठरवा आणि एक-दोन अल्बम वाजवून बघा. सगळं ठीक वाटलं की मगच प्रणाली एसएसडीवर इन्स्टॉल करा. त्या वेळी एसएसडीवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून गाणी त्यानंतर भरायची. लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवा. ते बंद केलं की काही मॉडेल झोपी जातात, शिवाय कीबोर्डच्या बाजूने निघणारी उष्णताही अडते.

आता सीडी रिप करण्याविषयी, म्हणजे सीडीवरचं संगीत फाइलींत उतरवण्याविषयी, कारण तुमचा सर्वाधिक वेळ यातच जाणार आहे. डॅफाइलमध्ये रिपर आहे, पण जुन्या, ओरखडे पडलेल्या सीडींसाठी आमची पसंती विंडोजवरच्या इझॅक्ट ऑडिओ कॉपीला आहे. सिक्युअर मोड ठेवा. हे सॉफ्टवेअर आपल्या रिपची अॅक्युरेटरिपच्या माहितीसाठ्याशी तुलना करतं, म्हणजे तीच सीडी इतरांनी रिप केली तेव्हा मिळालेल्या आकड्यांशी. मराठी नाट्यसंगीताच्या पुष्कळ सीडी त्या साठ्यात नसतात आणि ‘डेटाबेसमध्ये नाही’ असा शेरा येतो. याचा अर्थ रिप चुकलं असा होत नाही. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे, आकडे जुळले तर रिप बरोबर समजायला हरकत नाही. न जुळल्यास सीडी मऊ मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसल्याने पडणारा ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे कमी पडते. फ्लॅकची पातळी ५ ठेवा की ८, आवाज तोच राहतो. फरक पडतो तो फाइलच्या आकारात आणि बनवायला लागणाऱ्या वेळात.

प्रश्न : सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. लॅपटॉप डॅकमार्फत ॲम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला तर झिणझिण्याही येतात. चार्जर तीन पिनचा आहे. कोणी सांगितलं की मधली जाड पिन काढून टाका, आवाज जाईल.
— वाचक, नेरुळ

उत्तर : ती अर्थिंगची पिन आहे, ती काढू नका. आवाज कदाचित जाईल, पण बिघाडाच्या वेळी करंट तुमच्या शरीरातून न जाता जमिनीत जावा यासाठी असलेली वाटही त्याबरोबर जाईल. झिणझिण्या हीच इथली खरी खूण आहे. चार्जरच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडासा करंट अर्थमध्ये सोडत असतात. भिंतीतला अर्थ तुटलेला असेल तर त्या करंटला वाट मिळत नाही आणि लॅपटॉपच्या धातूवर विजेच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब साचतो. हात लावला की तुम्हाला तो जाणवतो. डॅकच्या वायरीतून तोच ॲम्प्लिफायरमध्ये उतरतो.

एकेक टप्पा करत शोधा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घुंकार थांबला तर दोष चार्जर आणि अर्थिंगच्या बाजूला आहे. थांबला नाही तर डॅककडून येणाऱ्या आरसीए वायरी ॲम्प्लिफायरपासून काढा. तरीही आवाज राहिला तर तो ॲम्प्लिफायरचा किंवा त्याला जोडलेल्या दुसऱ्या यंत्राचा आहे. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीचा आवाज त्याच ॲम्प्लिफायरवर घेत असाल तर बॉक्सच्या मागची केबलची गोल वायर काढून बघा. केबल इमारतीत बाहेरून येते, तिच्या जाळीचा अर्थ वेगळा असतो आणि दोन अर्थांमधला फरक घुंकार बनून ऐकू येतो. हे इतक्या घरांत सापडतं की आम्ही ही तपासणी कधीच वगळत नाही.

सॉकेटची मोजणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० व्होल्टच्या आसपास यावेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. फेज ते अर्थ बरंच कमी दिसलं किंवा आकडा हलत राहिला तर अर्थ तुटलेला आहे. घरातलं अर्थिंग मीटर बोर्डपर्यंत ठीक असेल आणि तुटलेला भाग इमारतीचा असेल, तर विषय सोसायटीच्या कमिटीकडे लेखी न्या. ते संगीताच्याही आधी गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी गरजेचं आहे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, नसेल तर तीही याच वेळी बसवून घ्या.

अर्थिंग सुधारल्यावरही मंद घुंकार उरला तर लॅपटॉप, डॅक, ॲम्प्लिफायर हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. पुढचा उपाय म्हणजे लॅपटॉप आणि डॅकच्या मध्ये दोघांचा विजेचा संबंध तोडणारा यूएसबी आयसोलेटर. विकत घेताना त्याचा वेग विचारा. स्वस्तातले आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. त्यांच्यातून २४ बिट/९६ किलोहर्ट्झपर्यंतचं संगीत जातं, पण क्लास २चे काही डॅक त्यांच्यामागे सुरूच होत नाहीत. ४८० मेगाबिटचा घ्यावा लागतो आणि तो महाग असतो.

प्रश्न : मी विंडोज ११ आणि फूबार २००० हा म्युझिक प्लेअर वापरतो. गाणं ४४.१चं असो वा ९६चं, डॅकवर कायम ४८च दिसतं. अधूनमधून टक् टक् असे आवाजही येतात. डॅक बदलायचा का?
— वाचक, ऐरोली

उत्तर : डॅक ठीक आहे. विंडोज सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून एका ठरलेल्या रेटवर आणतं आणि मग पुढे पाठवतं. तुमच्या डॅकसाठी तो रेट ४८ ठरलेला आहे, म्हणून ४४.१चं प्रत्येक गाणं आधी ४८मध्ये बदललं जातं. फूबारमध्ये फाइल, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट असं जाऊन डॅकच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडा. ही वासापीची एक्सक्लुझिव्ह वाट, जी विंडोजचा मिक्सर टाळते. नव्या फूबारमध्ये ती आधीपासूनच असते. डीएसपीची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या घटकांची, यादी रिकामी ठेवा आणि फूबारमधला आवाज पूर्ण वर करून कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरून करा. आता सीडीच्या गाण्याला डॅकवर ४४.१ दिसलं पाहिजे. या पद्धतीत गाणं चालू असताना मेसेजची टिंग स्पीकरवर येत नाही, हा वेगळाच फायदा.

टकटकीचं कारण बहुतेक वेळा लॅपटॉपचा एखादा ड्रायव्हर असतो. तो प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरतो, तेवढ्यात डॅकचा साठा संपतो आणि टक् होतं. लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं की दोषी ड्रायव्हरचं नाव यादीत वर दिसतं. वायफायचा ड्रायव्हर त्यात वारंवार सापडतो. वायफाय बंद करून गाणं लावा. टकटक थांबली तर तो ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून नवा टाका किंवा सर्व्हरला लॅन वायरच द्या. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डॅक हबमधून जोडला असेल तर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

प्रश्न : गाण्यांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. विंडोजवर सगळं ठीक होतं, पण लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी करताना काही फाइली ‘नाव फार मोठं आहे’ म्हणून अडतात. ती नावं इंग्रजी नावांपेक्षा लांब दिसतही नाहीत. शिवाय रागानुसार शोधता यावं अशी इच्छा आहे.
— वाचक, वाशी

उत्तर : लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वर’ एवढ्या एका नावात दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. एकूण ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की फाइल अडते. विंडोज बाइट मोजत नाही, म्हणून तिथे चाललं. गायकाचं नाव, राग, ताल, बंदिश, मैफलीचं गाव आणि साल हे सगळं फाइलच्या नावात कोंबू नका. फाइलचं नाव ‘०३ यमन द्रुत’ इतकंच पुरे, बाकी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत माहिती साठवणाऱ्या रकान्यांत. एमपी३टॅग हे नावाने एमपी३चं असलं तरी फ्लॅकचे टॅगही उत्तम लिहितं आणि शंभर फाइलींची नावं एका झटक्यात बदलतं.

राग नावाचा वेगळा टॅग बनवता येतो आणि फूबार तो दाखवूही शकतं. पण बहुतेक सर्व्हर आणि मोबाइल ॲप अनोळखी टॅगकडे बघतही नाहीत. सगळीकडे चालणारी जागा म्हणजे जॉनर. तिथे दोन मूल्यं लिहा, मध्ये अर्धविराम: ‘ख्याल; राग यमन’. लिरिऑनच्या सेटिंग्जमध्ये एकाच टॅगमधली अनेक मूल्यं वेगळी करणारं चिन्ह सांगता येतं, तिथे अर्धविराम द्या. प्रत्येक रागाच्या आधी ‘राग’ शब्द ठेवला की यादीत सगळे राग एका ठिकाणी येतात. नाट्यपदांसाठी संगीतकार कंपोझरमध्ये, गायक आर्टिस्टमध्ये आणि नाटकाचं नाव अल्बममध्ये टाका.

नावं लिहिण्याची एकच पद्धत पहिल्या दिवशीच ठरवा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि इंग्रजीतलं त्यांचंच नाव हे सर्व्हरला तीन वेगळे गायक वाटतात. पंडित, उस्ताद, विदुषी या उपाध्या आर्टिस्ट टॅगमध्ये नकोत. आदर तर आहेच, पण यादी ‘प’ आणि ‘उ’खाली तुंबते. आणखी एक सूक्ष्म अडचण ‘वाऱ्यावर’सारख्या शब्दांत येते. त्यातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका कीबोर्डने लिहिलेलं दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर सापडत नाही. म्हणून टॅग लिहायला आणि शोधायला एकच मराठी कीबोर्ड वापरा.

मैफलीच्या सीडींवर विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो, पण गाणं अखंड असतं. तिथे क्षणभरही शांतता पडली तर समेचा घात होतो. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक विरत दुसरा सुरू करण्याची सोय, बंद ठेवा आणि आवाज यूएसबीवरून डॅकलाच द्या. टीव्हीवर किंवा वायरलेस स्पीकरवर पाठवताना ही अखंडता पुष्कळदा तुटते.

प्रश्न : २४ बिट/१९२ किलोहर्ट्झच्या फाइली आणि महागडी यूएसबी केबल यांनी फरक पडतो का?
— वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : केबलने नाही. दोन मीटरच्या आतली, चांगल्या जोडणीची साधी यूएसबी २ केबल पुरे. फाइलींबाबत, ४४.१च्या रेटमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची पट्टी. जुन्या तबकड्या आणि कॅसेटवरून आलेलं ध्वनिमुद्रण या मर्यादेच्या बरंच आत असतं. पैसे द्यायचेच तर चांगल्या रीमास्टरसाठी द्या, नुसत्या आकड्यासाठी नको. कुणाकडून फ्लॅक फाइली मिळाल्या तर स्पेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आलेख १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा थांबत असेल तर ती बहुधा एमपी३ फुगवून केलेली फाइल आहे.

प्रश्न : सर्व्हर चोवीस तास चार्जरवर असतो. पावसाळ्यात वीजही जाते-येते. बॅटरी काढून ठेवावी का?
— वाचक, खारघर

उत्तर : बॅटरी निरोगी असेल तर काढू नका. वीज गेली की तीच यूपीएसचं काम करते आणि चालू डिस्क मध्येच बंद पडत नाही. तिला कायम शंभर टक्क्यांवर ठेवणं मात्र टाळा. सतत पूर्ण चार्ज आणि उष्णता यांनी लिथियम बॅटरी फुगते. डेल आणि एचपीच्या बऱ्याच व्यावसायिक मॉडेलमध्ये चार्जची मर्यादा किंवा बॅटरी जपण्याची सोय बायॉसमध्येच आहे. मर्यादा ८० टक्क्यांच्या आत ठेवा. टचपॅड वर आलेला, झाकण नीट बसत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुलतो, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा. बॅटरी टोचू किंवा दाबू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्यानंतर लॅपटॉप बॅटरीशिवाय चालवायचा असेल तर छोटा यूपीएस लावा.

संग्रहाची दुसरी प्रत यूएसबी हार्ड डिस्कवर करा आणि ती डिस्क एरवी सर्व्हरपासून काढलेलीच असू द्या. विजेच्या झटक्याने दोन्ही एकदम जाण्याची भीती मग उरत नाही. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, आणि जमलं तर तिसरी प्रत दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा साठवलेला असतो. फूबारच्या फाइल इंटिग्रिटी व्हेरिफायरने वर्षातून एकदा सगळा संग्रह तपासा आणि बिघडलेली फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणा. ही तपासणी बॅकअप नवा करण्याच्या आधी करायची, नाहीतर बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर जाऊन बसेल.